कोपनहेगनमध्ये पहिलं मोठं जेवण: टेबल मिळवण्यापासून बिल देईपर्यंत

पुण्या-मुंबईहून आमच्याकडे कोपनहेगनला कोणीही आलं, की दुसऱ्या दिवशी चहा घेताना एक प्रश्न येतोच. "ते जगात पहिलं आलेलं हॉटेल इथलंच ना? तिथे जेवता येईल का?"

येईल. पण वाटेत दिसलं आणि शिरलो, असं ते होत नाही. मी इथे आठ वर्षं राहते. आम्ही दोघं वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकतो आणि वर्षातून एकदा अशा एका ठिकाणी जातो. माझं प्रामाणिक मत असं की घाईत केलेल्या तीन जेवणांपेक्षा नीट तयारी करून केलेलं एक जेवण जास्त समाधान देतं. ती तयारी कशी करायची, ते क्रमाने सांगते. नोकरी-शिक्षणासाठी नुकतेच आलेले आणि आठवडाभर फिरायला आलेले, दोघांनाही हे उपयोगी पडेल.

आधी या जेवणामागची गोष्ट

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या शहरात भारी जेवण म्हणजे फ्रेंच जेवण. डेन्मार्कला पहिला मिशेलिन तारा (मिशेलिन गाइड उत्तम रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देतं) १९८३ साली मिळाला तो काँग हान्स केल्डर या तळघरातल्या रेस्टॉरंटला, आणि तिथला स्वयंपाकही फ्रेंच वळणाचाच. २००३ मध्ये रेने रेडझेपी आणि क्लाउस मायर यांनी क्रिश्चियन्सहाउन भागात, बंदरावरच्या अठराव्या शतकातल्या एका गोदामात 'नोमा' हे रेस्टॉरंट सुरू केलं. आइसलँड, ग्रीनलंड, फॅरो बेटं इथून येणारा माल पूर्वी त्या गोदामात उतरायचा. 'नॉर्डिस्क' आणि 'मॅड', म्हणजे नॉर्डिक अन्न, यांची आद्याक्षरं जोडून नोमा. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मायर यांच्या पुढाकाराने नॉर्डिक देशांतल्या बारा शेफनी दहा कलमांचा एक जाहीरनामा काढला. सार एवढंच: आपल्या हवेत, मातीत आणि पाण्यात जे पिकतं ते, त्याच्या हंगामात रांधायचं.

पण इथल्या मातीत वर्षातले पाचेक महिने फारसं काही पिकत नाही. तिथेच या स्वयंपाकाची खरी युक्ती आहे. उन्हाळ्यात मिळेल ते खारवायचं, आंबवायचं, वाळवायचं, धुरावायचं आणि हिवाळ्यात काढायचं. आलुबुखारं त्याच्या वजनाच्या २ टक्के मीठ लावून हवाबंद ठेवतात आणि थोड्याच दिवसांत ते आंबट-खारट, मऊ होतं. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला बरणीच्या तळाशी उरलेल्या जुन्या लोणच्याच्या फोडीची आठवण झाली. आगळ, आमसूल, सांडगे, खारातली मिरची यांवर वाढलेल्या माणसाला हे जेवण परकं वाटायचं कारण नाही. चिंच-लिंबाच्या जागी इथे सी-बकथॉर्नची केशरी, जिभेला झोंबणारी बोरं आणि चुक्यासारखा रानपाला असतो.

नोमा जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१ असं पाच वेळा पहिलं आलं. पाहुण्यांच्या कानावर आलेलं नाव बहुतेक हेच असतं. मात्र २०२३ च्या जानेवारीत त्यांनी नेहमीचं रेस्टॉरंट बंद करून प्रयोगशाळेच्या रूपात जाण्याचा बेत जाहीर केला. त्यामुळे नोमावर सगळी सहल बेतू नका. त्यांच्या संकेतस्थळावर सध्या काय चालू आहे ते आधी बघा. बाकीच्यांनाही हेच लागू. या शहरात रेस्टॉरंटं बंद पडतात, जागा बदलतात. रेले २०२० मध्ये मिटलं, अमास २०२२ मध्ये. जुन्या लेखांतल्या याद्यांवर विसंबू नका.

एकदम वर उडी नको

इथल्या चवींची ओळख नसताना थेट वीस पदार्थांच्या जेवणाला बसलं, की निम्मं जेवण "हे काय आहे?" यातच जातं. म्हणून आधी दोन स्वस्त पायऱ्या चढा.

पहिली पायरी दुपारची: स्मोरब्रोड. रायच्या काळपट, ओलसर, किंचित आंबूस पावाच्या पातळ कापावर लोणी आणि वर हेरिंग, बटाटा, अंडं, कोळंबी किंवा मांस असं रचलेलं. हॉसर प्लाद्सवरचं शॉनेमान १८७७ पासून चालू आहे. जवळच्या बाजारात भाजी विकून परतणारे शेतकरी इथे टेकायचे. जमिनीवर वाळू पसरायची जुनी पद्धत त्यांनी जपली आहे. ते दुपारचंच ठिकाण आहे, संध्याकाळी जाऊ नका. माणशी दोन किंवा तीन स्मोरब्रोड पुरतात. क्रमही ठरलेला असतो: आधी हेरिंग, मग बाकीचे मासे, मग मांस, शेवटी चीज. आणि हो, हातात उचलून खायचं नाही, सुरी-काट्याने खायचं. बटाट्याचं स्मोरब्रोड शाकाहारी माणसांना आवडतं, पण वर बेकन पेरलेलं नाही ना, हे विचारूनच मागवा.

दुसरी पायरी म्हणजे मधल्या किमतीचा ठरीव मेन्यू. नॉरे फारिमाग्सगेडवरचं हॉस्ट मी नव्या माणसाला नेहमी सुचवते. डॅनिशमध्ये हॉस्ट म्हणजे सुगी. पांढरवट लाकूड, मेणबत्त्या, मोजके पदार्थ, आणि मधे मधे न मागताच समोर येणारे छोटे घास. मोठ्या ठिकाणी जेवण कसं चालतं त्याची रंगीत तालीम इथे होते आणि खिसाही फाटत नाही. त्याच रस्त्यावर आर्क आहे. तिथला सगळा स्वयंपाक वनस्पतिजन्य, दूधसुद्धा नाही. आईला घेऊन गेले होते तेव्हा तिने भाजलेल्या अळंब्या दोनदा मागून घेतल्या.

आता मोठं ठिकाण निवडा

इथे घाई करू नका. दोन-तीन तारे म्हणजे सगळीकडे सारखंच, असं मुळीच नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला, आणि पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर, मी *गेरानियम* सांगते. ते ऑस्टरब्रो भागात, फुटबॉलच्या पार्कन स्टेडियमच्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण लिफ्टचं दार उघडलं की समोर फेलेड पार्कची झाडंच झाडं दिसतात. शेफ रास्मुस कोफोड यांनी बोक्युझ दोर या शेफच्या जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये कांस्य, २००७ मध्ये रौप्य आणि २०११ मध्ये सुवर्ण मिळवलं. २०१६ मध्ये तीन तारे मिळवणारं हे डेन्मार्कमधलं पहिलं रेस्टॉरंट आणि २०२२ मध्ये जगातल्या यादीत पहिलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून त्यांनी मांस पूर्ण बंद केलं. आता भाज्या आणि समुद्रातलं अन्न एवढंच. गोमांस किंवा डुकराचं मांस न खाणाऱ्या पण मासे खाणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांसाठी हे फार सोयीचं झालं.

तिथला एक पदार्थ मनात बसलाय. दगडांवर दोन लांबट शिंपले ठेवलेले. रेझर क्लॅम नावाच्या शिंपल्याचा हुबेहूब रंग, त्यावरच्या करड्या-निळ्या रेघासुद्धा. मी माझा शिंपला उघडायला लागले, तर वाढणारी मुलगी हळूच म्हणाली, "सगळंच खायचंय." कवचच पिठाचं होतं, कागदाइतकं पातळ, आणि शैवालाच्या रंगाने रंगवलेलं. दाताखाली कुरकुरलं आणि आतून मऊ, गार समुद्र. एका घासाचा पदार्थ, पण त्यामागे कोणाचे किती तास गेले असतील, हे मी घरी येईपर्यंत बोलत होते.

*कादो* क्रिश्चियन्सहाउनमध्ये आहे. दोन तारे. मूळ बॉर्नहोम बेटावरचं, आणि शहरातल्या जेवणातही सगळा जीव त्या बेटावरच्या मालात. उन्हाळ्यात गोळा केलेल्या फुला-फळांच्या, पाल्याच्या मुरवणी हाच त्यांचा खजिना. लोणच्या-मुरांब्यात ज्यांचा जीव रमतो त्यांनी इकडे जावं. माझं स्वतःचं मन इथे सर्वांत जास्त रमतं.

*एओसी* हे एका जुन्या वाड्याच्या तळघरात आहे. पांढऱ्या कमानी, शांतता, कुठेही भपका नाही. भाजलेल्या कांद्याच्या पाकळ्यांत कॅव्हियार आणि एल्डरफ्लॉवरचा सॉस हा त्यांचा नावाजलेला पदार्थ. गंभीर, निवांत जेवण हवं असेल, दोघांनाच बोलत बसायचं असेल, तर हे. फ्रेंच वळणाचं, भरपूर लोणी आणि सॉस असलेलं जेवण आवडत असेल तर वर सांगितलेलं काँग हान्स.

*अल्केमिस्ट* मात्र वेगळंच प्रकरण आहे. रेफ्सहेलओएन या जुन्या जहाजबांधणीच्या बेटावर, जिथे पूर्वी रॉयल थिएटरचे नेपथ्याचे सेट बनायचे त्या इमारतीत, शेफ रास्मुस मुंक यांनी २०१९ मध्ये ते उघडलं. तारांगणासारख्या घुमटाखाली बसायचं, वर चित्रं सरकत राहतात आणि पन्नासेक छोटे 'अनुभव' पाच-सहा तास येत राहतात. समुद्रातलं प्लास्टिक, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचे हाल असे विषय थेट ताटात येतात. नाटक, चित्रकला यांची आवड असलेल्यांना हे विसरता येणार नाही. पण "छान जेवूया" एवढाच हेतू असेल, किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील, तर मी नेणार नाही.

शहराबाहेर गेन्टोफ्टेला *योर्डनेर* आहे, एस-ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, सहज जाता येतं. नावाचा अर्थ 'जमिनीशी जवळ', आणि वातावरण खरंच घरगुती. २०२४ मध्ये तिसरा तारा मिळाला. खेकडे, लँगुस्टीन, कॅव्हियार यांवर भर आहे, त्यामुळे कवचाच्या माशांची ॲलर्जी असलेल्यांनी दुसरीकडे बघावं.

पैशांचा हिशेब आधीच मांडा

एक युरो म्हणजे साधारण साडेसात डॅनिश क्रोनर. मधल्या ठिकाणी मेन्यूला माणशी ५०० ते ८०० क्रोनर धरा. दोन-तीन ताऱ्यांच्या ठिकाणी नुसत्या मेन्यूचे २,५०० पासून ५,००० आणि त्याहून वर. पेयं वेगळी, आणि तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. पदार्थांबरोबर जुळवून दिलेल्या वाइनची किंमत जवळजवळ मेन्यूइतकी होऊ शकते. नळाचं गाळलेलं पाणीसुद्धा बऱ्याच ठिकाणी पैसे लावून येतं. २५ टक्के कर मात्र छापील किमतीतच असतो, वर लागत नाही.

दारू पीत नसाल तर अजिबात संकोच करू नका. या शहराने ज्यूस पेअरिंगला जेवढा मान दिलाय तेवढा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. सफरचंद, गाजर, काकडी, रानपाला, आंबवलेला चहा असं प्रत्येक पदार्थागणिक वेगळं पेय येतं, वाइनपेक्षा स्वस्तात. मी वाइन घेते, तरी आता बहुतेक वेळा ज्यूसच सांगते. पंधराव्या पदार्थालाही डोकं आणि जीभ ताजी राहते.

टेबल कसं मिळवायचं

फोन करून उपयोग नसतो. सगळं ऑनलाइन. मोठ्या ठिकाणी सिनेमाच्या तिकिटासारखं आधीच पूर्ण पैसे भरून टेबल घ्यावं लागतं. पुढच्या काही महिन्यांच्या तारखा ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी उघडतात. ती वेळ डेन्मार्कची असते हे लक्षात ठेवा: भारतातून बघत असाल तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. खातं आधी उघडून ठेवा, कार्ड जवळ ठेवा, दोन-तीन पर्यायी तारखा मनात ठेवा. दोघांसाठी टेबल लवकर मिळतं, पाच जणांसाठी अवघड.

नाहीच मिळालं, तर प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि ते खरंच घाला. एकाचं विमान चुकलं, एकाचं मूल आजारी पडलं, की आदल्या आठवड्यात टेबलं सुटतात. आम्हाला दोनदा अशीच मिळाली. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी आरक्षण दुसऱ्याच्या नावावर करता येतं. अट वाचून घ्या.

वार बघा. रविवार-सोमवार पुष्कळ ठिकाणं बंद असतात, काही मंगळवारीही. जुलैत कित्येक स्वयंपाकघरं सुट्टीवर जातात आणि नाताळातही तेच. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे तपासलंत तर हळहळ वाटणार नाही. हंगामाचं म्हणाल तर मे-जून माझा आवडता: पांढरं शतावर, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी, आणि रात्री दहालाही उजेड. शरद ऋतूत अळंब्या आणि शिकारीचं मांस, थंडीत लिम्फियोर्डची कालवं.

काय खात नाही, ते वेळेत सांगा

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून सविस्तर सांगते.

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा मी तिला एका चांगल्या ठिकाणी नेलं आणि ती शाकाहारी असल्याचं टेबलावर बसल्यावर सांगितलं. आपल्याकडे चालतं ना, "एक प्लेट व्हेज करा"! त्या लोकांनी मनापासून धडपड केली, पण सगळी तयारी दोन दिवस आधीपासूनची. पदार्थांतले रस्से माशांच्या हाडांचे, सॉस मांसाच्या अर्काचे. आईच्या पुढ्यात पाव, बटाटे आणि पाला येत राहिला. ती काही बोलली नाही, पण तिचं समाधान झालं नाही हे मला कळत होतं. चूक माझी होती.

आरक्षण करतानाच लिहा, आणि तीन-चार दिवस आधी इमेल करून खात्री करा. नुसतं 'शाकाहारी' पुरत नाही. इथे मासे खाणारा माणूसही स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतो. स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, कवचाचे मासे नाहीत, हाडांचा किंवा माशांचा रस्सा नाही, जिलेटिन नाही, दूध चालतं, अंडं चालतं की नाही. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चालत नसेल तर तेही. कांदा-लसूण नको असेल तर आधी विचारा, गृहीत धरू नका, कारण काही ठिकाणी ते शक्यच नसतं आणि काही ठिकाणं शाकाहारी मेन्यूच देत नाहीत. तसं कळवलं तर वाईट वाटून घेऊ नका. पैसे भरायच्या आधी कळलं, हे चांगलंच.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल एक खास सूचना. 'गारुम' नावाचा खारट रस पूर्वीपासून माशांचा करतात, इथली स्वयंपाकघरं तो मांस, अळंबी यांचाही करतात. भाजीच्या पदार्थावर त्याचे चार थेंब असू शकतात. कडक पाळत असाल तर नाव घेऊन विचारा.

त्या दिवशी

दुपारी हलकं खा. उपाशी मात्र राहू नका, पहिले घास फार लहान असतात.

कपड्यांचं दडपण नको. इथे सूट लागत नाही. नीटनेटकी पँट आणि शर्ट, साडी, कुर्ता, काहीही शोभतं. लोक सायकलवरून येतात आणि कोट दाराशी देऊन आत बसतात. वेळ मात्र पाळायची. साडेसहा म्हणजे साडेसहा. उशीर होत असेल तर फोन करा. गेरानियमला जाताना मेट्रोचं ट्रियांगलेन स्टेशन जवळ पडतं, पण मॅचच्या दिवशी बाहेर भरपूर गर्दी असते. रेफ्सहेलओएनला बस किंवा बंदरातली बोट-बस जाते. थंडीत तिथला वारा अंगाला झोंबतो, थांब्यापासून चालावं लागेल हे धरून टोपी-मफलर घ्या.

दाराशी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र असलेला कागद दिसेल. तो सरकारी स्वच्छता-तपासणीचा अहवाल. २००१ पासून इथे वडापावच्या गाडीएवढ्या छोट्या टपरीपासून तीन ताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो लावावा लागतो.

बसल्यावर पदार्थ आणणारा बहुतेक वेळा स्वयंपाकी स्वतःच असतो. तो काय आहे, कुठून आलं आणि कसं खायचं ते सांगतो. विचारा. "हा पाला कुठला?" असं विचारलं की चेहरा फुलतो. एकदा मी अशीच चौकशी केली तर त्या मुलाने आतून अख्खी बरणी आणून वास घ्यायला दिली. पाव आणि लोणी येईल तेव्हा हात आखडता घ्या. तो पाव इतका सुरेख असतो की सगळे दुसऱ्यांदा मागतात आणि पुढच्या आठ पदार्थांना पोटात जागा उरत नाही. एखादी चव नाही आवडली तर ताटात राहू द्या, ते रागावत नाहीत, उलट का आवडली नाही ते विचारतात. फोटो काढा, फक्त फ्लॅश नको. चार तास धरून चला, मधे उठून पाय मोकळे करायला हरकत नाही.

निघताना तीन शब्द जरूर म्हणा: 'ताक फॉ मॅड', म्हणजे जेवणाबद्दल आभार. घरातली मुलंसुद्धा जेवून उठताना हे म्हणतात. डॅनिशमध्ये 'ताक' म्हणजे आभार, हे कळल्यापासून माझ्या सासूबाई दुकानादुकानात मोठ्याने 'ताक, ताक' म्हणत होत्या आणि समोरची माणसंही खुशीत उत्तर देत होती.

बिलात सेवेचे पैसे धरलेले असतात. वर टीप द्यायची सक्ती नाही, न दिल्याने कोणी वाकडं बघत नाही. अगदी भारावून गेलात तर थोडं द्या, पण मशीनवर टीपचा आकडा आला म्हणून घाबरून दाबू नका. युरोपबाहेरच्या कार्डावर काही ठिकाणी थोडा अधिभार लागतो. मेन्यूचा छापील कागद मागून घ्या, आनंदाने देतात. आईच्या फ्रिजवर मिरजेला असा एक कागद अजून लावलेला आहे.

आणि मेट्रोजवळच्या ठिकाणी जेवलात तर परतीची काळजी करू नका, टॅक्सीसाठी पैसे वेगळे काढायची गरज नाही. इथली मेट्रो रात्रभर चालू असते.